पुण्याचा मित्र, डेशूट्स नदी आणि स्टीलहेड: गाइड ठरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे अमेरिकेत ऑरेगनमधल्या पोर्टलंडजवळ राहतात, काही वर्षं ट्राउट माशासाठी फ्लाय रॉड वापरतात. (फ्लाय म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेला नकली किडा.) सप्टेंबरच्या अखेरीस त्यांचा इंजिनिअरिंगचा मित्र पुण्याहून येतोय. त्याने फ्लाय रॉड कधी हातात धरलेला नाही. दोघांना गाइड घेऊन दोन दिवस स्टीलहेड माशासाठी जायचंय. कुठली नदी, कसला गाइड, खर्च किती, आणि मित्राला मासा मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतात. न मिळण्याची शक्यता जास्त. स्विंगने, म्हणजे फ्लाय प्रवाहात आडवा फिरवत मासेमारी केली, तर चांगल्या वर्षी, चांगल्या आठवड्यात, सराईत माणसाला दिवसाकाठी एक मासा लागला तरी तो खुशीत घरी जातो. इकडे याला हजार कास्टचा, म्हणजे हजार फेकींचा मासा म्हणतात ते काही उगाच नाही. तुम्ही दोघं, दोन दिवस, त्यात एक जण नवखा. दोघांत मिळून एखादी ओढ जाणवली, एखादा लागून सुटला, एखादा हातात आला, तर मी तरी ती ट्रिप चांगली झाली म्हणेन. हे मित्राला त्याने विमानात पाय ठेवायच्या आधी सांगा. नदीवर पोचल्यावर सांगितलंत तर ते आधीच केलेली सारवासारव वाटेल.

असं का, तर माशाचा स्वभावच तसा आहे. स्टीलहेड म्हणजे समुद्रावर जाऊन आलेला रेनबो ट्राउट. हिमाचलमधल्या फार्मवरून ताटात येतो तोच, जातही एकच. हा मात्र लहानपणीची एक-दोन-तीन वर्षं नदीत काढतो, मग पॅसिफिकमध्ये उतरतो, तिथे एक-दोन वर्षं भरपूर खातो आणि जन्माच्या नदीकडे परततो. डेशूट्सवर लागणारे बहुतेक चार ते आठ पौंडांचे असतात, अधूनमधून दहाच्या पुढचा. पॅसिफिक साल्मन विणीनंतर मरतो. स्टीलहेडमधले काही वाचतात, समुद्रावर जातात आणि पुन्हा येतात. उन्हाळी स्टीलहेड जुलैपासून नदीत शिरायला लागतात, पण वीण होते पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता. मधल्या महिन्यांत तो फारसं खात नाही. म्हणून ट्राउटवर तुम्ही कमावलेलं ज्ञान, कुठला किडा उडतोय, कुठल्या मापाचा फ्लाय लावावा, इथे जवळपास निरुपयोगी. शंभरातला एखादा मासा चिडून, सवयीने किंवा निव्वळ खोडी म्हणून फ्लाय धरतो. तुमचं काम एवढंच की जास्तीत जास्त पाण्यावरून, बरोबर वेगाने, फ्लाय नेत राहायचं.

आता नदी. सप्टेंबर अखेर, पोर्टलंड आणि एक नवखा माणूस, हे तीन मुद्दे धरले तर खालची डेशूट्स सोडून दुसरीकडे जाऊ नका. गाडीने दोन तास. पश्चिमेचा ओला, हिरवा ऑरेगन सोडून माउंट हूडच्या मागे उतरलात की महाबळेश्वर मागे टाकून माण-खटावात यावं तसं सगळं पिवळं आणि कोरडं होतं. खाली काळ्या बेसॉल्टच्या कड्यांमधून नदी उत्तरेला कोलंबिया नदीकडे जाते. मॉपिन नावाचं छोटं गाव हा तळ. शिवाय कोलंबिया उन्हाळ्यात इतकी तापते की वरच्या आयडाहोकडे निघालेले स्टीलहेडही थंडाव्यासाठी डेशूट्सच्या तोंडाशी वळतात आणि काही दिवस आत मुक्काम करतात. म्हणजे तुमच्या फ्लायसमोर फक्त या नदीचे मासे नसतात.

नॉर्थ अम्पक्वाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तीस मैलांहून जास्त पाणी फक्त फ्लायसाठी राखीव, देखणी नदी, मोठा इतिहास. पण तळाचे खडक काचेसारखे गुळगुळीत, मधेच खोल चरी, आणि कास्ट करायला मागे जागा नाही. पहिल्या खेपेला नवख्याला तिथे नेणं म्हणजे त्याला या खेळापासून कायमचं तोडणं. हिवाळ्यात प्रश्न आला असता तर मी वॉशिंग्टन राज्यातली ऑलिंपिक पेनिन्सुला सांगितली असती. होह, सोल डक, बोगाशील या नद्या, आणि सोबत अखंड पाऊस. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या स्कीनाच्या उपनद्या, बल्कली, किस्पिऑक्स, बाबीन, हे मोठ्या माशांचं माहेर. तिथे परदेशी माणसाला रोजच्या हिशोबाने वेगळा परवाना लागतो आणि खर्चही तसाच. न्यू जर्सीतले आपले लोक पुलास्कीच्या साल्मन नदीवर जातात. ते मासे लेक ऑन्टॅरिओतून येतात, खारं पाणी त्यांनी पाहिलेलं नसतं. त्यांना स्टीलहेड म्हणायचं की नाही यावर इथले म्हातारे तासन्‌तास भांडतात. मी त्यात पडत नाही.

डेशूट्सचं एक मात्र आधीच समजून घ्या. इथे स्टीलहेडचा हंगाम दर वर्षी उघडेलच याची खात्री राहिलेली नाही. कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणाच्या मत्स्यशिडीवर वर जाणारे मासे मोजले जातात आणि त्या आकड्यांवर राज्याचं मत्स्य खातं ठरवतं. २०२१ मध्ये आकडे इतके खाली आले की डेशूट्स स्टीलहेडसाठी बंद झाली, आणि त्याच वर्षी नॉर्थ अम्पक्वाही. म्हणून गाइडशी बोलताना पहिला प्रश्न हा: नदी बंद झाली, कॅन्यनमध्ये, म्हणजे नदीच्या घळीत, वणवा लागला किंवा पाणी गढूळ झालं तर आगाऊ रकमेचं काय? चांगल्या गाइडकडे याचं लेखी उत्तर असतं. बहुतेक जण तारीख पुढे ढकलतात किंवा त्याच दिवशी रेडसाइड धरायला नेतात. रेडसाइड म्हणजे डेशूट्समधला स्थानिक रेनबो, अंगठ्यापासून कोपरापर्यंत लांब आणि भलताच तगडा. तुमच्या मित्राला कदाचित त्यातच जास्त मजा येईल.

गढूळपणाचा मुद्दा आला म्हणून सांगते. माउंट हूडच्या हिमनदीतून निघणारी व्हाइट रिव्हर मॉपिनच्या खाली डेशूट्सला मिळते. उन्हाचे चार दिवस लागून आले किंवा डोंगरावर जोरात पाऊस झाला की ती दुधाळ राखाडी गाळ घेऊन येते आणि संगमाखालचं पाणी काही दिवसांसाठी वाया जातं. संगमाच्या वर मात्र नदी स्वच्छ असते. ज्या गाइडकडे वरच्या आणि खालच्या दोन्ही पट्ट्यांची परवानगी आहे तो अशा दिवशी तुम्हाला वर नेईल. ज्याच्याकडे नाही तो तुम्हाला गाळातच उभं करेल आणि वर सांगेल की मासे तसेही लागतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मासा मिळावा म्हणून गाइड घेताय. मी म्हणते, मित्राला तुम्ही शिकवू नये म्हणून गाइड घ्या. ट्राउटवाला माणूस मित्राला स्टीलहेड शिकवायला लागला की दोघांचाही दिवस बिघडतो. तुमचा निम्मा जीव समोरच्या पाण्यात असतो, निम्मा त्याच्या कास्टमध्ये. "मनगट वळवू नकोस" हे विसाव्यांदा सांगताना आवाज चढतो. आणि तुम्ही जे शिकवता त्यातलं निम्मं या माशाला लागूही होत नाही. गाइड हा परका माणूस असतो, त्याचं ऐकायला मित्राला कमीपणा वाटत नाही. तो सकाळचे पहिले दोन तास मित्राच्या कोपराशी उभा राहील आणि तुम्ही पन्नास यार्ड खाली शांतपणे फ्लाय फिरवत राहाल. हीच विभागणी आधीच फोनवर ठरवा. स्पष्ट सांगा की एक जण अगदी नवा आहे, त्याच्यावर वेळ घाला, मला फक्त कुठे उभं राहायचं ते दाखवा. गाइडला हे ऐकून बरं वाटतं. नाहीतर तो दोघांमध्ये धावत बसतो आणि दोघांनाही अर्धवट मिळतो.

फोनवर आणखी काय विचारायचं? दिवसभर स्विंग करू देतो का, की नऊ वाजले की इंडिकेटर, म्हणजे तरंगणारा बॉबर, बांधायला लावतो. दोन हातांचे रॉड त्याच्याकडे आहेत का, आणि शिकवण्याची तयारी आहे का. किती वाजता निघायचं: "आठ वाजता भेटू" म्हणणारा स्टीलहेडचा गाइड नव्हे. राज्याची नोंदणी आणि नदीच्या त्या पट्ट्यात धंदा करण्याची परवानगी आहे का. आणि सहज विचारल्यासारखं, "किती मिळतील?" या प्रश्नावर जो हसतो त्याला घ्या. आकडा सांगणाऱ्याला नको. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तारखा कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे हे फोन वसंतातच करायचे असतात. उशीर झाला असेल तर आठवड्याच्या मधले दिवस मागा, कोणीतरी रद्द केलेलं असतं.

कास्टिंगबद्दल. इथे बहुतेक जण साडेबारा-तेरा फुटी, सात नंबरचा, दोन्ही हातांनी चालवायचा स्पे रॉड वापरतात. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर हे तंत्र घडलं. मागे कडा किंवा झाडी असली तरी लाइन मागे न टाकता पुढे फेकता येते, ही त्यातली खुबी. मित्रासाठी गाइडला स्कॅजिट हेड लावायला सांगा, ही छोटी आणि जड लाइन असते. नाजूक स्कँडी लाइन दिसायला सुंदर, पण ती नवख्याच्या चुका झाकत नाही. स्कॅजिट झाकते. एकच कास्ट शिकवा म्हणावं: स्नॅप-टी. दुपारी कॅन्यनमध्ये खालून वर वारा सुटतो, आणि अशा वाऱ्यात लाइनचा नांगर, म्हणजे फेकण्याआधी पाण्याला टेकणारा तिचा भाग, आपल्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला पडायला हवा. स्नॅप-टीमध्ये तो तिथेच पडतो. डबल स्पे या दुसऱ्या कास्टमध्ये तो खालच्या अंगाला पडतो आणि वारा गळासकट सगळं तुमच्या तोंडावर आणतो. म्हणून चष्मा आणि टोपी अंधारातसुद्धा उतरवायची नाही.

मित्र ट्रिपच्या दोन दिवस आधी पोचत असेल तर अर्धा दिवस पोर्टलंडजवळच्या सँडी किंवा क्लॅकमस नदीवर, रॉड उसना घेऊन, गळ काढून फक्त लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. हिरवळीवर करू नका. स्पे कास्टला पाण्याने लाइनला धरून ठेवावं लागतं, गवतावर ती घसरत मागे येते आणि भलतीच सवय लागते. इथेही शिकवायचा मोह आवरा. पोर्टलंडच्या फ्लाय शॉपमध्ये तासाभराचे धडे मिळतात, तेवढे पैसे घाला.

आता प्रत्यक्ष पाण्यात काय होतं ते नीट सांगते, कारण मित्राला समजलं नाही तर दिवसभर तो नुसती लाइन भिजवत बसेल.

पहाटे अंधारातच बोट किंवा गाडी तुम्हाला एका रनच्या वरच्या टोकाशी सोडते. रन म्हणजे खळाळ संपून पाणी चालत्या माणसाच्या वेगाने, गुडघा ते छातीइतक्या खोलीत, एकसारखं वाहतं तो पट्टा. नवखा माणूस पहिल्याच दमात कमरेपर्यंत घुसतो आणि लांब फेकायला बघतो. डेशूट्सचे मासे पहाटे काठाच्या अगदी जवळ, तुम्ही जिथे उभे आहात तिथेच असतात. घोट्याएवढ्या पाण्यात थांबायचं आणि वीस फूट लाइनपासून सुरू करायचं. मग दर कास्टला दोन-तीन फूट वाढवत जायचं. नीट फेकता येईल एवढी लांबी आली की वाढवणं बंद.

फ्लाय समोरच्या काठाकडे, खाली पंचेचाळीस अंशांत पडतो. लाइनला एकदा वरच्या अंगाला वळण द्यायचं, याला मेंड म्हणतात, आणि मग काही करायचं नाही. रॉडचं टोक खाली, लाइनच्या दिशेने. प्रवाह लाइनला ओढतो आणि फ्लाय मोठ्या कमानीत हळूहळू आपल्या काठाकडे येतो. तो बरोबर खाली येऊन थांबला की लगेच ओढायचा नाही. पाचेक सेकंद तिथेच लटकू द्यायचा. पाठलाग करत आलेला मासा पुष्कळदा तिथेच निर्णय घेतो. मग दोन पावलं खाली, पुन्हा कास्ट. असं करत पूर्ण रन. कंटाळवाणं वाटतं? पहिला तास वाटतो. नंतर कास्ट, मेंड, वाट, दोन पावलं यांची लय लागते आणि तास कसे गेले कळत नाहीत. ज्यांना ही लय लागत नाही त्यांना हा मासा कधीच आवडत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आणि मग कधीतरी लाइन थांबते. टोचल्यासारखं, कुणी बोटाने टिचकी मारावी तसं, किंवा सरळ जड ओढ. इथे ट्राउटवाल्यांचा घात होतो. तुमचा हात आपोआप रॉड वर उचलेल. उचललात की मासा गेला. तो तुमच्या खालच्या अंगाला, वर तोंड करून आहे. तुम्ही वर ओढलंत की फ्लाय त्याच्या तोंडातून सरळ बाहेर येतो. म्हणून लाइनची फूट-दीड फूट सैल कडी बोटाखाली ठेवायची किंवा थेट रीलवर मासेमारी करायची. ओढ आली की कडी सोडायची आणि हात थिजवायचे. मासा फ्लाय घेऊन वळतो, कडी संपते, रील कर्र कर्र वाजायला लागतं. तेव्हा आणि तेव्हाच रॉड पाण्याला समांतर ठेवून काठाच्या बाजूला ओढायचा. वर नाही, काठाकडे. या एका गोष्टीत नवख्याचं पारडं तुमच्यापेक्षा जड असतं, कारण त्याच्या हाताला मोडायची सवयच लागलेली नसते. दोघांत पहिला मासा मित्राला लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

टिचकी आली पण मासा लागला नाही, तर जागचे हलू नका. लाइन ओढून घेऊ नका, लांबी बदलू नका. अर्धा-एक मिनिट थांबून हुबेहूब तोच कास्ट करा. नाही आला तर लहान, गडद फ्लाय बांधा. मी आधी ग्रीन बट स्कंक लावते आणि मग त्याच्याही निम्म्या मापाचं काहीतरी काळं. तरी नाही तर दहा पावलं वर जाऊन पुन्हा त्याच्यावरून उतरा. एकदा फ्लायला हात लावलेला मासा परत येतो, आणि त्या पाच मिनिटांत जो थरार आहे तो लागलेल्या माशातही नाही.

साधारण नऊ-दहाला ऊन पाण्यावर येतं आणि चित्र बदलतं. नदी उत्तरेला वाहते, मासा प्रवाहाकडे म्हणजे दक्षिणेला तोंड करून असतो, आणि शरदातला सूर्य दक्षिणेलाच खाली असतो. ऊन थेट डोळ्यांत. वरच्या थरातला फ्लाय त्याला दिसत नाही किंवा बघायची इच्छा नसते. या वेळी कड्याची सावली शोधायची, लाइनला बुडती टिप लावायची, किंवा जेवून झोपायचं. पुष्कळ गाइड इथे इंडिकेटर आणि निम्फ, म्हणजे त्याखाली बुडवायचा फ्लाय, काढतात. मला ते आवडत नाही. मासे जास्त लागतात हे खरं, पण तरंगणाऱ्या बॉबरकडे बघत बसायचं तर कोकणात खाडीवर गरवायला बसलेलं काय वाईट. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मित्राला काहीच जाणवलं नसेल, तर मी माझं मत खिशात ठेवून त्याला बॉबर बांधून देईन. निर्णय त्याचा असू दे.

एका रनमध्ये दोघं असाल तर पुढे कोण, हे आधी ठरवा. पुढच्याला न छेडलेलं पाणी मिळतं. मागच्याने पन्नास-साठ यार्ड अंतर ठेवून जरा खोल जाणारा किंवा लहान फ्लाय टाकत यावं. पुढच्याने जागा केलेला मासा मागचा उचलतो असं वारंवार होतं. दर रनला अदलाबदल. संध्याकाळचं पहिलं पाणी मित्राला द्या. अनोळखी माणूस आधीपासून उतरलेला असेल तर त्याच्या वर, चांगल्या अंतरावर उतरायचं. खालच्या अंगाला, त्याच्या पुढ्यात उतरणं हा इथला सर्वांत मोठा असभ्यपणा आहे आणि त्यावरून खरोखर हमरीतुमरी होते.

डेशूट्सवर बोटीतून किंवा कुठल्याही तरंगत्या साधनावरून मासेमारीला मनाई आहे. बोट फक्त ने-आण करते, फ्लाय टाकायचा तो पाण्यात पाय रोवून. म्हणजे तुमच्या मित्राला दिवसाचे सहा-आठ तास ओढत्या पाण्यात, गोलगुळगुळीत दगडांवर उभं राहायचंय. गुडघे कसे आहेत, पोहता येतं का, हे विचारा आणि गाइडलाही कळवा. खिळे लावलेले बूट, काठी आणि कंबरेचा पट्टा, तिन्ही सक्तीचे. पट्टा घट्ट असला तर पडल्यावर वेडर्समध्ये, म्हणजे छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीत, पाणी कमी शिरतं. वाहून गेलात तर पाय खालच्या दिशेला करून पाठीवर, आणि तिरकं काठाकडे. काठावर बसताना, कातळाला हात घालताना आधी बघा: कॅन्यनमध्ये रॅटलस्नेक आहेत आणि सप्टेंबरात ते बाहेर असतात. आपण सापांच्या देशातले, आपल्याला काय, अशी शेखी मित्र मारेल. मारू दे, पण हात घालू देऊ नका.

मासा आलाच तर आधी पाठीवरचा मागचा छोटा मांसल पंख बघायचा. तो कापलेला असेल तर मासा हॅचरीचा, म्हणजे माणसांनी वाढवून सोडलेला. हंगामाचे नियम परवानगी देत असतील तर ठेवता येतो. हळद, तिखट, आगळ लावून, रव्यात घोळून तव्यावर, मला तो साल्मनपेक्षा आवडतो. पंख शाबूत असेल तर मासा जंगली आणि सोडायचाच. कोलंबिया आणि स्नेक या नद्यांच्या बहुतेक जंगली स्टीलहेडना १९९० च्या दशकापासून धोक्यातल्या जातींच्या कायद्याचं संरक्षण आहे. वॉशिंग्टन राज्यात तर सोडायचा मासा पाण्याबाहेर काढणंच बेकायदा. ऑरेगनमध्येही मी तेच पाळते: हात ओले, मासा पाण्यात, बिनकाट्याचा गळ पक्कडीने निघतो, फोटो काढायचाच तर मासा पाण्यातच ठेवून एकदाच. मित्राला वॉट्सअ‍ॅपसाठी छातीशी धरलेला मासा हवा असणार. गाइड नाही म्हणाला तर तुम्ही गाइडची बाजू घ्या. आणि पाणी ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअसच्या वर गेलं तर थांबायचं. चांगला गाइड थर्मामीटर बाळगतो आणि स्वतःच थांबवतो.

खर्च. दोघांना मिळून गाइडचा एक दिवस साधारण ६०० ते ८०० डॉलर. त्यात बोट, रॉड, फ्लाय आणि जेवण धरलेलं असतं, वेडर्स कधी असतात कधी नसतात. वर पंधरा ते वीस टक्के टिप, रोख. मासा मिळाला नाही म्हणून कमी करायची नसते. उलट रिकाम्या दिवशी गाइडने जास्त मेहनत केलेली असते. परवाना, त्यासोबत साल्मन-स्टीलहेडचा टॅग, आणि खोऱ्यानुसार आणखी एखादी मान्यता लागू शकते. गाइडला विचारून सगळं ऑनलाइन आधीच घ्या. मॉपिनच्या दुकानात पहाटे चारला कुणी भेटत नाही. पैशांचं बोलणं मात्र तुम्हाला अवघड जाईल. पाहुण्याकडून कसे घ्यायचे, आणि तो तर रुपयांत हिशोब करतोय. माझा सल्ला: गाइड तुम्ही करा, टिप आणि मॉपिनचं राहणं-जेवण त्याला करू द्या. सगळंच तुम्ही केलंत तर न मिळालेल्या माशाचं ओझं त्याच्या डोक्यावर बसेल. कुणी शाकाहारी असेल तर आधी सांगा, नाहीतर टर्की सँडविचमधली टर्की काढून दिलेलं खावं लागेल.

दोन दिवस दोन्ही गाइडचेच घ्यायची गरज नाही. पहिला गाइडसोबत, दुसरा तुमचे तुम्ही, काल दाखवलेल्या पाण्यातल्या काठाने चालत जाता येईल अशा जागांवर. यात पैसे निम्मे होतात आणि मित्राला स्वतःहून रन वाचायची संधी मिळते. भर दुपारी नदी झोपते तेव्हा शेरार्स फॉल्सवर जा. तिथे वॉर्म स्प्रिंग्सचे आदिवासी अजून लाकडी मचाणांवरून लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे धरतात; १८५५ च्या तहात त्यांनी तो हक्क राखून ठेवला होता. आणि मित्र कोरेगाव पार्कच्या बाजूचा असेल तर मॉपिनहून तासाभरात अँटिलोप गाव आहे. १९८१ ते १९८५ या काळात रजनीशांचा पुण्यातून उठलेला पसारा याच माळरानावर वसला होता. गावात बघायला फार काही उरलेलं नाही, पण पुणेकराला तेवढं पुरतं.

ऑगस्टच्या अखेरीस बॉनव्हिलचे आकडे आणि मत्स्य खात्याची घोषणा बघा, मग मॉपिनची खोली पक्की करा. आणि मित्राची उंची, वजन, बुटाचं माप गाइडला आठवडाभर आधी कळवा. भारतातलं माप बहुधा ब्रिटिश असतं, अमेरिकन माप त्याहून एकाने मोठं. वर जाड मोजे घालायचे म्हणून आणखी एक वाढवून सांगा.